हाऱ्यात उरलेले बाण

मोहिमेवर निघताना माझ्या नवऱ्याने जो बाण हाऱ्यात टाकला त्याला लाल लोकर गुंडाळलेली होती. ती सासूबाईंनी गुंडाळली होती. असं कोणी करत नाही. बाण एकदा हाऱ्यात पडला की तो कुणाचा राहत नाही. शहेनशहांच्या पडद्यासमोरून सैन्य एका रांगेत जातं, प्रत्येक जण एक बाण टाकतो, आणि हारे भरले की झाकणांवर माती थापून शिक्का मारतात. मोहीम संपल्यावर शिक्का फोडतात. पुन्हा तशीच रांग लागते, आणि हाताला येईल तो एक बाण प्रत्येक जण उचलून घेतो. रांग संपल्यावर मागे जे उरतात ते न आलेल्यांचे. त्यांचा जाब सेनापतीने द्यायचा.

"आई, लोकर कशाला?" वेहशापूर म्हणाला होता. "परत आल्यावर मी काय हाऱ्यात डोकं घालून लाल धागा शोधत बसू? मागचे शिव्या घालतील."

"घालू देत. तू शोध."

"आणि दुसऱ्याच्या हाती लागला तर?"

"तर त्याच्याकडून मागून घे. देवाने तोंड दिलंय ना? एरवी बरं चालतं."

तो माझ्याकडे वळला. "हिला विचार. हिला असलं कळतं. काय गं, एवढ्या बाणांतून माझाच माझ्या हाती येण्याची शक्यता किती?"

"नसल्यासारखीच," मी म्हटलं.

"ऐकलंस, आई?"

सासूबाईंनी लोकरीची गाठ आणखी घट्ट केली. त्यांचं नाव अनोशाग. हरलेला वाद त्या हातांनी पुढे चालू ठेवत.

त्या वेळी गहू पोटरीत होता. सेनापती माझे वडील होते, रश्नदाद. रश्न हा पुलाशी तराजू घेऊन बसणारा देव, मेल्यावर प्रत्येकाला तोलणारा. आई म्हणायची, नाव ठेवताना मोबेदाची, म्हणजे पुरोहिताची, काही चूक झाली नाही. या माणसाशी भांडण्यात मजाच नाही, आपलं चुकलं तर तो सांगतो आणि त्याचं चुकलं तर तेही तोच सांगतो. बाबांचं आयुष्य सरहद्दीवरच्या एका किल्ल्यात गेलं होतं. पूर्ण सैन्य त्यांच्या हाती पहिल्यांदाच आलं होतं आणि त्याबरोबर सोन्याच्या पत्र्यांचा पट्टाही. असा पट्टा शहेनशहांनी दिल्याशिवाय कोणी बांधू शकत नाही, आणि त्यांनी काढून घेतला की माणूस मेजवानीत दाराजवळ, पखालवाल्यांच्या शेजारी बसतो.

डाळिंबं उकलायला लागली तेव्हा सैन्य परतलं. राजधानी तिस्फूनच्या बाहेरच्या मैदानावर आम्ही घराघरांतल्या बायका गाड्या सोडून बसलो होतो. मला आधी बाबांचा घोडा दिसला. मग मी वेहशापूरचा ठिपक्यांचा घोडा शोधायला लागले. एक दिसला, पण त्यावर दुसरंच कोणी होतं. पुढे असाच आणखी एक. मग घोडे संपले आणि उंट आले.

बाबा आमच्या गाडीपाशी येऊन उतरले. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

"मोहीम जिंकून परतताना रूमींच्या फौजेने आम्हाला नदीवर गाठलं," ते म्हणाले. "सैन्य उतरवायला वेळ हवा होता. कुणाला तरी त्या काठावर थांबवणं भाग होतं."

"कुणाला थांबवलंत?" सासूबाईंनी विचारलं.

"वेहशापूरच्या तुकडीला."

"तुमच्याच जावयाला."

"त्याची तुकडी सर्वांत मागे होती, विहीणबाई. तीच जवळ होती."

मला वाटलं, ते आणखी काही सांगतील: तो शूर होता म्हणून, त्याने स्वतः मागितलं म्हणून. त्यांनी सांगितलं नाही, कारण तसं नव्हतं.

"मेला का तो?" सासूबाई म्हणाल्या.

"ऊन कलताना त्यांचा झेंडा पडला. मी अलीकडच्या काठावरून पाहिला."

"मी झेंड्याचं नाही विचारलं, व्याहीबुवा."

"माणसं दिसत नव्हती. धूळ होती. नंतर कोणी नदी उतरून आलं नाही. आम्ही वाट पाहिली."

"म्हणजे तुम्ही पाहिलं नाही."

"नाही."

सासूबाई गाडीतून उतरल्या आणि बैलांना पाणी दाखवायला गेल्या. बैल नुकतेच प्यालेले होते. मी गाडीचं चाक धरून उभी राहिले. झेंडा पडला आणि कोणी आलं नाही, या दोन गोष्टींतून जे निघतं ते मला कळत होतं. बाबांनाही कळत होतं. ते मोठ्याने म्हणायची गरज आम्हा दोघांना वाटली नाही.

बाण उचलायचं दुसऱ्या दिवशी ठरलं. त्याच दुपारी नर्साग बाबांच्या तंबूत आला. तो बाबांचा उजवा हात होता. अंगाने गोल, घसा कायम बसलेला, ओरडून ओरडून. मी तिथे बाबांच्या खांद्यावरची जखम धूत होते. त्याने मला नमस्कार केला, वेहशापूरबद्दल दोन शब्द बोलला आणि मग उगाचच स्वतःच्या बाह्यांकडे बघत बसला.

"सरदार, आपल्या लोकांच्या बाह्या चांगल्या रुंद आहेत."

"मग?"

"मग काही नाही. हाऱ्यात हात घातला आणि एकाऐवजी दोन आले, तर बोटांना काय डोळे असतात?"

मी कापड पिळलं.

"मी सांगितलेलं नाही," नर्साग घाईने म्हणाला. "लोकच म्हणतायत. म्हणतात, सरदाराने आम्हाला नदीपार आणलं आणि त्याचाच पट्टा काढणार? का, तर हाऱ्याच्या तळाला चार बाण दिसले म्हणून? उत्तरेच्या सेनापतीचं काय झालं ते त्यांनी पाहिलंय. मोहीम जिंकून आलेला माणूस. मागच्या मेजवानीत पखालवाल्याने त्याला सरकून बसायला सांगितलं."

"चार नाहीत, नर्साग."

"माहीत आहे मला किती आहेत ते." त्याचा आवाज आणखी बसला. "माझा मेहुणाही त्यांत आहे. पण गेलेला गेला, सरदार. बाण उरला काय आणि नाही उरला काय, तो थोडाच परत येणार आहे?"

बाबा इतका वेळ गप्प राहिले हे मला आवडलं नाही. मी कापड खाली ठेवलं.

"ज्याचा बाण उचलला गेला तो परत आला," मी म्हटलं. "बरोबर?"

"बरोबर, ताई."

"मग परत आला तर घरी का नाही?"

नर्साग बाही चाचपत होता तो थांबला.

"परत आला आणि घरी नाही, म्हणजे पळाला. पळपुट्याची जमीन सरकारजमा होते. त्याच्या नावाने प्रार्थना होत नाही, चौथ्या पहाटे त्याला पुलापर्यंत पोचवायला कोणी उभं राहत नाही. त्याची बायको विधवाही नसते आणि सवाष्णही नसते. तुमची बहीण काय होईल, नर्सागदादा?"

"असं कोण बघत बसतंय, ताई?"

"सारा वसूल करणारा बघतो."

तो हसला नाही. बाबांनी डोळे मिटले आणि उघडले.

"कोणी दोन घेणार नाही," ते म्हणाले. "सांगून ठेव."

"जशी आज्ञा."

जाताना तंबूच्या दारात तो थांबला. बाबांच्या कमरेच्या पट्ट्याकडे त्याने असं पाहिलं, जसं कोणी आजारी माणसाकडे बघतं. तेव्हाच मला ओळखायला हवं होतं.

सकाळी मैदानावर पडदा लागला. शहेनशहा पडद्यामागे होते. ते दिसत नाहीत, फक्त पडदा कुठे हलतो ते दिसतं. पडदेदार हातात चांदीची काठी घेऊन पुढे उभा होता. हाऱ्यांचे शिक्के सर्वांदेखत फोडले. बाबा हाऱ्यांच्या शेजारी, शिरस्त्राण काखेत धरून. आम्ही बायका दोरीच्या अलीकडे. सासूबाई माझ्या पुढे होत्या आणि चवड्यांवर उभ्या होत्या. त्या लाल लोकर शोधत होत्या.

मी बाण मोजले नाहीत. मी दोनच गोष्टी बघत होते: रांगेची लांबी आणि हाऱ्यातली पातळी. दोन्ही बरोबरच उतरायला हव्या होत्या, आणि रांग संपली तरी शेवटच्या हाऱ्यात काही उरायला हवं होतं. पहिला हारा रिकामा झाला तेव्हा मला थोडी शंका आली. दुसरा रिकामा झाला तेव्हा शंका राहिली नाही. हात आत जात होते, बाहेर येत होते आणि बाहेर येताना कोपर अंगाला चिकटत होतं.

बाबांनाही ते दिसलं. त्यांनी नर्सागकडे पाहिलं. नर्साग आभाळाकडे बघत होता. बाबांची हनुवटी वर झाली, ते आता बोलणार असं मला वाटलं, आणि ते बोलले नाहीत. आणखी माणसं पुढे गेली. मी दोरी मुठीत धरली होती. ती माझ्या तळव्याला काचत होती आणि मी मनात म्हणत होते, बाबा, आता. आता. ते समोर बघत राहिले. त्यांचा हात पट्ट्यावर होता.

नर्सागने काय केलं होतं ते नंतर कळलं. प्रत्येक तुकडीच्या नायकाला त्याने वेगळं सांगितलं होतं की तुझ्या लोकांनी इतकेच जादा घ्यायचे. प्रत्येक नायकाला वाटलं, बाकीचे ऐन वेळी कच खातील. सरदारावर खरा जीव आपल्याच तुकडीचा. म्हणून प्रत्येकाने आपल्या लोकांना थोडे जास्तच सांगितले. इतकी माया कुणी मोजलेली नव्हती. शेवटचा हारा रिकामा झाला तेव्हा रांग संपायची होती.

रिकाम्या हाऱ्यापाशी मर्दान उभा होता. दाढी पांढरी, एक कान रूमींनी आधीच्याच कुठल्या मोहिमेत नेलेला. त्याने हात आत घातला, चाचपला, मग वाकून आत पाहिलं.

"अहो," तो म्हणाला, "मग मी मेलो का?"

त्याच्या मागचे हसले. मग पुढचे.

"काका, तुम्ही केव्हाच मेलायत, आम्हाला वास येतोय!"

"घरी कोण कळवणार? काकूला?"

"कळवू नका. ती मेजवानी देईल आणि आपल्याला बोलावणार नाही!"

मर्दान मात्र हसत नव्हता. तो पुन्हा हाऱ्यात बघत होता. त्याच्या मागे आणखी माणसं उभी होती आणि त्यांचंही हसू हळूहळू थांबलं. पडदेदार पडद्यामागे गेला. मला वाटलं, आता बाह्या झाडायला लावतील. शिक्क्याच्या हाऱ्यातून चोरी केली तर हात जातो.

पडदेदार बाहेर आला तो हसत.

"शहेनशहा म्हणतात, आजवर त्यांच्या सैन्यातून जाताना जास्त माणसं जात आणि येताना कमी येत. रश्नदादच्या सैन्यात उलटं झालं. भाग्य म्हणायचं! टाकतानाच काही बाण कमी पडले असतील. ज्यांना मिळाला नाही त्यांनी तसंच जावं. सेनापतीने पुढे यावं."

त्याच्या मागे एक सेवक होता आणि सेवकाच्या हातांवर रेशमी झगा. सैन्यातून जयघोष उठला. नर्साग रडत होता, आनंदाने. माझ्या शेजारची एक बाई मला म्हणाली, "तुझ्या वडिलांचं नशीब थोर गं." मला फक्त एवढंच दिसत होतं की हाऱ्यात काही नाही. तळाचा विणलेला बोरू दिसत होता, आणि माझा नवरा त्यात नव्हता. तो परत आला होता आणि पळाला होता.

बाबा पुढे आले. झग्याकडे न जाता ते मर्दानपाशी गेले आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"हा माणूस जिवंत आहे," ते म्हणाले. "याला बाण नाही. जे नदीपलीकडे राहिले त्यांचे बाण लोकांच्या बाह्यांत आहेत."

जयघोष एका कडेकडून थांबत गेला. पडदेदार जवळ आला. तो हळू बोलला, पण इतकी शांतता होती की आम्हाला ऐकू आलं.

"सेनापती, झगा अंगावर घ्या आणि घरी जा. मागाहून पस्तावाल."

"बाण परत हाऱ्यात पडू देत."

"मग मला विचारावं लागेल, कुणाच्या सांगण्यावरून. आणि त्या उत्तराचं पुढे काय होतं, तुम्हाला माहीत आहे."

नर्सागने एक पाऊल पुढे टाकलं. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"माझ्या सांगण्यावरून," ते म्हणाले. "आज्ञा मी दिली. लोकांनी ती पाळली. आज्ञा पाळल्याबद्दल शिपायाचा हात जात नाही."

आमच्याकडे मूल बोलायला लागलं की त्याला आधी हे शिकवतात की खोटं हे सगळ्या पापांचं मूळ. माझ्या वडिलांना खोटं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ते पडद्यासमोर बोलले, आवाज न बदलता, आणि मैदानावरच्या प्रत्येक माणसाला ते खोटं आहे हे माहीत होतं. पडदा बराच वेळ हलला नाही.

मग आज्ञा आली. सगळे बाण परत. आधी कोणी हललं नाही. मग पुढच्या तुकडीतल्या एका पोरगेल्या स्वाराने बाही झाडली. मग दुसऱ्याने. बोरूवर बाण पडायचा आवाज बराच वेळ येत राहिला. रांग पुन्हा लागली. या वेळी प्रत्येकाने बाही कोपरापर्यंत वर केली होती.

रांग संपली आणि शेवटच्या हाऱ्यात बाण उरले. पडदेदाराने हारा तिरका करून पडद्याच्या दिशेने दाखवला. मग त्याने स्वतः बाबांच्या पट्ट्याची कडी काढली. मोहीम जिंकली होती म्हणून जीव राहिला; पद, किल्ला, पट्टा गेला. पट्टा निघाल्यावर अंगरखा सैल होऊन वाऱ्याने उघडला आणि आतली कुस्ती, कमरेचा पवित्र गोफ, दिसली. लोकरीची, सगळ्यांच्या कमरेला असते तशीच.

नव्या रांगेत शेवटचा उभा राहून मर्दानने एक बाण उचलला होता. तो आमच्या गाड्यांकडे आला, बाण लांब धरून.

"बायांनो, हा कुणाच्या घरचा? याला लोकर बांधलीय. मला नको असला, लोक हसतील."

सासूबाईंनी तो त्याच्या हातून जवळजवळ ओढून घेतला. लोकर मळली होती, पण लाल होती. त्यांनी गाठ बोटांनी तपासली.

"बाहेर आला," त्या मला म्हणाल्या. "बघितलंस? आत राहिला नाही. बाहेर आला."

प्रत्येक जण हाताला येईल तो बाण घेतो. लाल लोकरीचा बाण बाहेर येणं आणि वेहशापूर जिवंत असणं यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. हे मी त्यांना वसंतातच सांगितलं होतं.

तेवढ्यात बाबा आले. पायी आले, अंगरखा एका हाताने धरून. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. मला जे हवं होतं ते त्यांनी मला दिलं होतं. दोरी धरून उभी असताना मी त्यांना मनात काय काय म्हणाले होते, तेही मला आठवत होतं.

"जमीन राहील," ते सासूबाईंना म्हणाले. "मोबेदाला आजच सांगतो. प्रार्थना सुरू होतील."

"कुणाच्या?"

"विहीणबाई..."

"जिवंत माणसाच्या नावाने प्रार्थना करतात का, व्याहीबुवा?" त्यांनी बाण छातीशी धरला होता. "गप्प राहायचं होतंत. झगा घ्यायचा होतात. लोक त्याला पळपुटा म्हणाले असते, हो ना? म्हणू देत. जमीन गेली असती? जाऊ दे. पळालेला माणूस कुठेतरी जेवत असतो."

बाबांनी अंगरखा दुसऱ्या हातात धरला.

"तुम्ही त्याला मेलेला पाहिलात? हो की नाही, एवढंच सांगा. पडद्यासमोर सांगितलंत तसं, एका शब्दात."

मर्दान अजून तिथेच होता, मान खाली घालून. बाबांनी सकाळी एक खोटा शब्द उच्चारला होता आणि त्याने किती तरी हात वाचले होते. आता आणखी एक पुरला असता. 'हो' म्हटलं असतं तर ही बाई रडली असती, आणि रडून झाल्यावर जेवली असती. ते 'हो' म्हणतील का, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होते, आणि मला काय हवं आहे ते मलाच कळत नव्हतं.

"नाही," बाबा म्हणाले. "पाहिला नाही."

सासूबाईंनी मान हलवली, जसं काही सौदा पटला. मग त्या गाडीत चढल्या.

बाबा आता आमच्याकडेच राहतात, वेहशापूरच्या जमिनीवर. पाटाचं पाणी वळवतात. कधीमधी नर्साग येतो, बांधावर बसतो, दोघं पावसापाण्याचं बोलतात. चौथ्या पहाटे प्रार्थना झाली. मी उगवतीकडे तोंड करून उभी होते आणि बाबा माझ्या मागे. सासूबाई आल्या नाहीत. त्या मावळतीकडच्या दारात उभ्या होत्या, रस्ता त्या बाजूने येतो म्हणून. बाण त्यांच्या उशाशी असतो.

रोज संध्याकाळी त्या एक भाकरी जास्तीची करतात आणि फडक्याखाली झाकून ठेवतात. सकाळी ती तशीच असते. मग त्या ती माझ्या हातात देतात आणि म्हणतात, "शिळी झाली, कुत्र्याला घाल."

मी अंगणात जाते आणि कुत्र्याला घालते. आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या नावाचा घास मोडून कुत्र्यालाच देतात, पिढ्यान्‌पिढ्या. सासूबाईंना हे माझ्याहून चांगलं माहीत आहे. तरी भाकरी त्या मोडून देत नाहीत. अख्खी देतात, आणि कुत्रा ती संपवेपर्यंत दाराशी उभ्या राहतात.